पाचची घंटा आणि शेवटचा काळा चेंडू

कीर्तन ठरल्या मिनिटाला सुरू झालं तर देवसुद्धा घरून वेळेवर निघतो, अशी चिमाजीअण्णा बोरस्ते यांची श्रद्धा होती. अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं भोंगा वाजवलेल्या माणसाची अशी श्रद्धा असणं साहजिकच. सकाळचा भोंगा, जेवणाचा भोंगा, सुटीचा भोंगा. अण्णांचं बोट बटणावर पडलं की आठशे माणसं जागची हलत. निवृत्तीनंतर त्या बोटाला वर्षातून पाचच दिवस काम उरलं. पाथर्डी फाट्याजवळच्या ज्ञानदीप कॉलनीच्या सभागृहात दर माघात पाच दिवसांची कीर्तनमाला होई. अण्णा तिचे संस्थापक, चिटणीस आणि घंटा वाजवणारे होते. सायंकाळी पाचला घंटा, घंटेपाठोपाठ बुवांचं नमन. एका वर्षी पाचच्या ठोक्याला बुवा, पेटीवाला आणि कॉलनीतलं एक लंगडं कुत्रं एवढेच हजर होते. अण्णांनी घंटा वाजवली आणि अर्धा पूर्वरंग कुत्र्याने ऐकला. ते कुत्रं पुढे तीन वर्षं नियमाने यायचं, असं अण्णा डोळ्यांत पाणी आणून सांगत.

यंदा पंचविसावं वर्ष. त्यासाठी अण्णांनी दोन गोष्टी केल्या होत्या. एक म्हणजे पाटी : 'पंचवीस वर्षे. पाच म्हणजे पाच. एकही मिनिट उशीर नाही.' पिवळ्यावर लाल अक्षरं, शेवटच्या दिवशी अनावरण. ती रंगवून, भिंतीवर ठोकून, वर पडदा सोडून तयार होती. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र. मोठ्या देवळांत आरतीला असतं ते, विजेवर चालणारं. लोखंडी सांगाड्यात एक नगारा, त्यावर पडणारे दोन दांडके, दोन घंटा आणि झांजांची जोडी. अण्णांनी त्याला घड्याळ बसवून घेतलं. पाच वाजले की यंत्र आपोआप सुरू, दहा मिनिटांनी आपोआप बंद.

जोडणी शेजारच्या हिरामण वाघांनी केली. हिरामण निवृत्त वायरमन आणि कॉलनीचे बिनपगारी सल्लागार.

"अण्णा, याला स्विच ठेवत नाही मी," हिरामण म्हणाले. "स्विच ठेवला की माणूस बंद करतो. थेट मेनवर घेतो. आणि घड्याळाच्या पेटीला कुलूप."

"आणि किल्ली?"

"किल्ली तुमच्याकडे राहिली तर तुम्ही उघडाल."

हे अण्णांना लागलं. आपण उघडू? चोवीस वर्षं एक मिनिट न हलवलेला माणूस? म्हणून कीर्तनमालेच्या आदल्या संध्याकाळी यंत्राची पूजा झाली तेव्हा त्यांनी चारचौघांत ती एकुलती एक किल्ली घोटीच्या गेणूबुवांच्या हातात ठेवली. "बुवा, आता ही घंटा मीसुद्धा थांबवू शकत नाही."

गेणूबुवा म्हणजे उंचपुरा, भातशेतीतला माणूस. कीर्तन असं की दगडाला पाझर फुटावा, आणि राग असा की फुटलेला पाझर जागच्या जागी आटावा. कीर्तन दहा मिनिटं उशिरा सुरू होतंय म्हणून एका गावातून ते गळ्यातल्या हारासकट परत गेले होते. त्यांनी किल्ली कमरेला खोचली. "लय झ्याक केलं अण्णा. येळ पाळणारा माणूस मला देवावानी."

अण्णांचं यंदाचं सुख एवढंच. कारण त्याच्या तीन आठवडे आधी त्यांनी एक सही केली होती.

सही घ्यायला महेश निकम नावाचे गृहस्थ आले होते. ते कुठल्याशा स्नूकर संघटनेचे चिटणीस. चिटणीस म्हटल्यावर अण्णांना जरा जवळचे वाटले.

"अण्णा, आमची पश्चिम विभागाची व्यावसायिक क्रमवारी स्पर्धा आहे. ठरलेल्या हॉलचं छत गळायला लागलं. सोळा खेळाडू तिकिटं काढून बसलेत. पाच दिवस सभागृह द्या."

"त्याच पाच दिवसांत आमची कीर्तनमाला आहे."

"तुमचं कीर्तन पाचला. आम्ही साडेचारला थांबतो."

"सामान काय असतं तुमचं?"

"काही नाही हो. दोन टेबलं."

दोन टेबलं. अण्णांच्या डोळ्यांपुढे कारखान्याच्या करमणूक खोलीतलं टेबल टेनिसचं टेबल आलं. संध्याकाळी ते मधोमध दुमडून भिंतीला उभं करत. शिवाय याच सभागृहात लग्नाच्या पंगतीला साठ टेबलं लागत आणि हातासरशी निघत. दोन टेबलांसाठी सोळा लेकरांना परत पाठवायचं? अण्णांनी सही केली. वर म्हणाले, "टेबलं उचलायला आमची माणसं आहेत, काळजी करू नका."

महेश निकमांना हे वाक्य विचित्र वाटलं. पण हॉल मिळाल्याच्या आनंदात त्यांनी ते सोडून दिलं.

परवानगीच्या कचेरीत पहिली ठेच लागली. अर्जात रकाने चारच : विवाह, वाढदिवस, धार्मिक, इतर. खिडकीमागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "एकाच जागी एकाच दिवशी दोन कार्यक्रम बसत नाहीत. एक निवडा." अण्णांनी तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी हिरामणांच्या सल्ल्याने अर्जावर 'क्रीडा-कीर्तन' असं लिहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं, शेजारच्या साहेबांना दाखवलं, आणि साहेबांनी विचारलं, "यात बुवा खेळतात का?" अण्णांचा अपमान झाला; पण शिक्का मिळाला.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी ट्रक आला.

अण्णा स्वागताला दारातच होते. ट्रकमधून आधी झाडाच्या बुंध्यासारखे सोळा पाय उतरले. मग जाड तुळया. मग दगडाच्या फरशा, एका टेबलाला पाच, आणि एकेक फरशी उचलायला चार चार माणसं. अण्णांना वाटलं, कॉलनीत कुणाचं बांधकाम निघालं असेल आणि ट्रक चुकून इकडे आला. पण फरशा सभागृहातच शिरल्या. दिवसभर फिटर लोक त्या जोडत होते, पातळी लावत होते, सांध्यांत मेण भरत होते. संध्याकाळी त्यावर हिरवं कापड ताणून बसलं आणि चक्क इस्त्री फिरली. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, एकेकाचं वजन दीड टन. अण्णा हे सगळं बघत उभे होते. त्यांना अजूनही आशा होती.

"दादा," त्यांनी मुख्य फिटरला विचारलं, "रोज संध्याकाळी घडी घालून भिंतीला लावायला किती माणसं लागतील?"

"कशाची घडी?"

"टेबलाची."

फिटरने हातातली पातळी मोजायची पट्टी हळूच खाली ठेवली. "काका, हे आता स्पर्धा संपल्यावरच सुटणार. केसभर सरकलं तरी चेंडू घरंगळतो."

अण्णा जागच्या जागी खाली बसले. त्यांच्या पत्नी चतुराबाईंनी पाणी आणलं, तेही त्यांनी फक्त हातात धरलं. तीन टन दगड, आणि तो नेमका बुवांच्या आणि श्रोत्यांच्या मधे. हिरामणांनी ताबडतोब तीन उपाय सांगितले : कीर्तन गच्चीवर, कीर्तन पुढच्या वर्षी, किंवा बुवांना टेबलावरच उभं करायचं, व्यासपीठ आयतं आहे. तिसरा उपाय ऐकताना महेश निकमांनी भिंतीचा आधार घेतला. शेवटी चतुराबाईच म्हणाल्या, "मधे टेबलं राहू द्या की. वरून ताडपत्री घाला. माणसं कडेने बसतील. लग्नात होमकुंड मधेच असतं ना?"

तसं ठरलं. मग कळलं की टेबलांखाली हीटर असतात, कापड कोरडं राहावं म्हणून, आणि ते दिवसरात्र चालू. अण्णांना टेबलाचे हे लाड बघवेनात. पण माघातली थंडी होती, आणि पहिल्याच दिवशी कॉलनीतल्या म्हाताऱ्यांना शोध लागला की टेबलाला टेकून बसलं की गुडघे शेकतात. पाचच्या कीर्तनाला जागा धरायला बायका तीनलाच येऊ लागल्या. चोवीस वर्षांत झाली नव्हती एवढी गर्दी.

आणि पहिल्याच दिवशी व्हायचं ते झालं. एक सामना लांबला. साडेचार वाजले, पावणेपाच वाजले. सुरू झालेला डाव मधे तोडता येत नाही, हा त्यांचा नियम. नागपूरचा एक धिप्पाड खेळाडू क्यू, म्हणजे ती लांब निमुळती काठी, हनुवटीखाली धरून वाकला होता. सभागृहात श्वासाचा आवाज येईल इतकी शांतता. आणि पाच वाजले.

नगारा, दोन घंटा आणि झांजा एकदम सुरू झाल्या. नागपूरकर फूटभर उडाला. पांढरा चेंडू टेबलावरून निघाला तो चतुराबाईंच्या हातातल्या प्रसादाच्या शिऱ्यात जाऊन बसला.

पंच होते प्रफुल्ल साळवे. काळं जाकीट, हातात पांढरे मोजे. ते शांतपणे आले, शिऱ्यातून चेंडू दोन बोटांनी उचलला, तूप निथळू दिलं आणि नगाऱ्याच्या गजरात कुणालाही ऐकू न येणाऱ्या आवाजात म्हणाले, "फाउल." चेंडू टेबलाबाहेर गेला तर काय करायचं हे त्यांच्या नियमात होतं. शिऱ्याबद्दल काही नव्हतं. नागपूरकर तो सामना हरला आणि प्रसाद न घेता गेला. ते अण्णांना फार लागलं. आपल्या घंटेने एक माणूस हरला, आणि वर उपाशी गेला.

त्या दिवसापासून महेश निकमांनी चारनंतर नवा डाव सुरू न करण्याचं कबूल केलं. अण्णांनीही आपल्या बाजूने शिस्त लावली. खेळ चालू असताना आतबाहेर करायचं नाही, मोबाइल दारातल्या टोपलीत. दारावर वत्सलाबाई आहेर. या महिला मंडळाच्या अध्यक्षा. हळदीकुंकवाला एक वाण कमी पडलं म्हणून त्यांनी स्वतःच्या सख्ख्या जावेला परत पाठवलं होतं.

"वत्सलाबाई, डाव चालू असताना प्रत्यक्ष देव आला तरी आत सोडायचं नाही."

"आणि तुम्ही आलात तर?"

"मी आलो तरी."

"बरं झालं सांगितलंत," वत्सलाबाई म्हणाल्या आणि खुर्ची दारात आडवी लावली.

दुसऱ्या दिवशी अण्णा नुसतं राखणीला म्हणून आत बसले. एका खेळाडूने लाल चेंडू लांबून असा काही पाठवला की तो कडेच्या जाळीत अलगद उतरला. अण्णांच्या तोंडून सवयीने निघालं, "रामकृष्णहरी." साळवेसरांनी मान वळवली. "शांतता, कृपया." आठशे माणसांना भोंग्याने गप्प करणाऱ्या माणसाला एका मोजेवाल्याने गप्प केलं. अण्णा दुपारभर घुश्शात होते. पण राग धरून बसलं तरी डोळे बघतच होते. साळवेसर चेंडू जाळीतून काढत, पुसत, आणि त्याच्या ठरलेल्या ठिपक्यावर असा ठेवत की अण्णांना आपल्या देवघराची आठवण झाली. आंघोळ घातलेला देव ताम्हनातून उचलून जागेवर ठेवावा तसं. सोवळ्याशिवाय स्पर्श नाही. या माणसाशी आपलं भांडण नाही, असं अण्णांनी चहाच्या वेळी चतुराबाईंना सांगितलं.

"तुमचं कुणाशीच नसतं," त्या म्हणाल्या. "फक्त घड्याळाशी असतं."

त्याच दिवशी सुलाबाई भेटल्या. सटाण्याच्या. भाची योगिनी पगार स्पर्धेत खेळत होती, सोळा जणांत एकटी मुलगी, आणि ही आत्या सोबत आलेली. दिवसा भाचीचा खेळ आणि संध्याकाळी कीर्तन, असं दुहेरी पुण्य सुलाबाई गोळा करत होत्या. कीर्तन संपल्यावर त्या अण्णांजवळ आल्या.

"भाऊ, आमनी योगी गुणी शे. बापनी दोन वरीस दिनात तिले. हाई शेवटनी स्पर्धा. जिंकनी तर वरच्या आठमा नाव लागी, मंग खर्च संघटना करी. नही तर घर बसनं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फक्त एक शे. आवाज व्हयना का तिना हात कापस."

आवाज झाला की पोरीचा हात कापतो. अण्णांनी यंत्राकडे पाहिलं. यंत्र निर्विकार होतं.

"काही काळजी करू नका," अण्णा म्हणाले. "साडेचारच्या आत सगळं आटपतं."

आणि आटपत गेलंही. तिसरा दिवस, चौथा दिवस. योगिनी जिंकत गेली. काटकुळी पोर, जाकीट दोन मापं मोठं, प्रत्येक फटक्याआधी क्यूच्या टोकाला निळा खडू तीनदा घासायची आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. अण्णांनी एकदा विचारलं, कुठला मंत्र. ती म्हणाली, "मंत्र नाही आजोबा. 'घाई नाही' असं म्हणते." कॉलनीच्या साऱ्या म्हाताऱ्या तिच्या बाजूच्या झाल्या. त्यांना आता लाल एक, काळा सात, सगळं पाठ झालं होतं. आणि गप्प कसं बसायचं हेही.

पाचव्या दिवशी अंतिम सामना. योगिनीसमोर पुण्याचा रुद्र देवधर, गेल्या वर्षीचा विजेता. नऊ डावांतले पाच घेणारा जिंकणार. अकराला सुरू झाला, तीनपर्यंत संपेल असा महेश निकमांचा अंदाज होता. तीन वाजता तीन-तीन झाले. चारला पाच कमी असताना चार-चार. नववा डाव चारच्या आत सुरू झाला, म्हणजे शब्द मोडला नव्हता. महेश निकमांनी अण्णांकडे बघून अंगठा वर केला : वीस मिनिटं पुरतील.

पण दोघंही घाबरलेले. कुणी धोका पत्करेना. तिने पांढरा चेंडू एका चेंडूमागे दडवायचा, त्याने दुसऱ्यामागे. साडेचार वाजले. पावणेपाच वाजले. टेबलावर निळा, गुलाबी आणि काळा उरले. निळा रुद्रने घेतला, गुलाबी योगिनीने. आणि फलक बघून सभागृहातल्या दीडशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. दोघांचे गुण बरोबरीत. उरला एकटा काळा. जो घालेल तो जिंकेल.

पाचला आठ मिनिटं होती.

अण्णा व्यासपीठाच्या पायरीवर यंत्राशेजारी बसले होते. त्यांना पहिल्यांदा दरदरून घाम फुटला. माघात.

"हिरामण," ते ओठ न हलवता पुटपुटले, "बंद कर हे."

"कसं? पेटीला कुलूप."

"किल्ली..." अण्णा म्हणाले आणि थांबले. किल्ली घोटीच्या रस्त्यावर कुठेतरी बुवांच्या कमरेला होती. फोन करावा तर फोन दारातल्या टोपलीत, आणि बुवांचा कीर्तनाआधी तासभर बंदच.

"मेन काढ."

"टेबलावरचे दिवे त्याच मेनवर आहेत."

"वायर काप."

"थेट लाइन आहे अण्णा. ठिणगी उडेल, फटाका वाजेल. आणि मी जाईन तो वेगळाच."

"तुला स्विच ठेवायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणालात, छान कल्पना आहे."

साळवेसरांनी मान वळवली. "शांतता, कृपया."

काळा चेंडू टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला भटकत होता. रुद्रने सोडला, योगिनीने सोडला, पुन्हा रुद्र. पाचला तीन मिनिटं. अण्णांच्या मनात त्या तीन मिनिटांत काय काय येऊन गेलं ते त्यांनी पुढे चतुराबाईंशिवाय कुणाला सांगितलं नाही. पंचवीस वर्षं. पडद्याआडची पाटी. गेणूबुवा दारात येतील, घंटा वाजलेली नसेल, आणि ते हारासकट मागे फिरतील. काहीच न करता नुसतं बसून राहिलं तर यातलं काही होणार नव्हतं. घंटा आपोआप वाजली असती, नेम राहिला असता, आणि कुणी बोटही दाखवलं नसतं. मग त्यांना शिऱ्यातून निघालेला तो पांढरा चेंडू आठवला. आणि 'तिना हात कापस.'

रुद्रचा फटका थोडा चुकला. काळा कोपऱ्याच्या जाळीपासून हातभर अंतरावर थांबला. योगिनी उठली.

अण्णाही उठले. व्यासपीठावर सत्काराच्या तीन शाली घडी करून ठेवल्या होत्या, बुवांची, पेटीवाल्याची आणि पखवाजवाल्याची. एक शाल त्यांनी एका घंटेच्या लोलकाला गुंडाळली, दुसरी दुसऱ्या. तिसरी दोन झांजांच्या मधे कोंबली. हिरामण तोंड उघडं टाकून बघत होते. उरला नगारा आणि त्याचे दोन दांडके, एकेक मनगटाएवढा. शाली संपल्या होत्या. अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद. मग त्यांनी टोपी काढून हिरामणांच्या हातात दिली, गुडघे टेकले आणि नगाऱ्याला मिठी मारून त्यावर पालथे पडले.

योगिनीने खडू घासला. एक. दोन. तीन.

पाच वाजले.

घंटा शालीत फडफडल्या. झांजा लोकरीत चावल्या. आणि दोन्ही दांडके पाळीपाळीने अण्णांच्या पाठीवर पडू लागले. आवाज झाला तो गादी धोपटल्यासारखा, बोदा, आणि तोही व्यासपीठापुरता. अण्णांच्या अंगात स्वेटर होता, चतुराबाईंनी विणलेला, पण तो थंडीच्या हिशेबाने विणलेला होता. त्यांनी दातांत धोतराचा सोगा धरला.

समोरच्या म्हाताऱ्यांना ते दिसलं. दीडशे माणसांना दिसलं. कीर्तनमालेचे संस्थापक-चिटणीस नगाऱ्यावर पालथे आणि यंत्र त्यांना ठरल्या वेळी बदडतंय. चतुराबाई अर्ध्या उठल्या, तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि तशाच अर्ध्या उठलेल्या राहिल्या. कुणी हूं केलं नाही. पाच दिवसांची शिस्त होती. फक्त योगिनीची पाठ व्यासपीठाकडे होती. ती वाकली, ओठ हलले, घाई नाही, आणि क्यू पुढे गेला.

काळा चेंडू जाळीच्या तोंडाशी गेला. तिथे थांबल्यासारखा झाला. अण्णांना सात दांडके पडेपर्यंत थांबला, असं नंतर सगळे सांगत. साळवेसरांच्या मते एक सेकंद. मग पडला.

त्यानंतर जो आवाज उठला तो कुठल्याही नगाऱ्याहून मोठा होता. बायकांनी टाळ्या पिटल्या, रुद्रसकट सगळ्या खेळाडूंनी आपापले क्यू जमिनीवर आपटले, ती त्यांची शाबासकीची रीत. सुलाबाई भाचीच्या गळ्यात पडल्या. आणि नगाऱ्यावर अण्णा होतेच, कारण यंत्राला अजून नऊ मिनिटं बाकी होती, आणि उठावं म्हटलं तर कंबर साथ देईना.

तेवढ्यात दार उघडलं. वत्सलाबाईंनी खुर्ची बाजूला घेतली आणि गेणूबुवा लांब ढांगा टाकत आत आले. कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली, यंत्र बंद केलं आणि अण्णांना बखोटीला धरून उभं केलं.

"बुवा," अण्णा कसेबसे म्हणाले, "उशीर झाला. माझ्यामुळे झाला. तुम्ही आत्ताच..."

"आत्ता कुठला. पाऊण घंटा झाला, दारात उभा हाय मी."

अण्णांना कळेना.

"ही बाई सोडंना," बुवा म्हणाले. "मी म्हनलं, मी बुवा. ती म्हनली, देव आला तरी नाय. फटीतून बघत व्हतो समदं. किल्ली हातात, आन् तू मार खातूय."

अण्णांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. वत्सलाबाईंनी अण्णांकडे पाहिलं. "तुम्हीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग... जाणार तुम्ही?" अण्णांनी विचारलं.

बुवांनी उपरणं झटकलं. "कुठं जाऊ? बस खाली. नगाऱ्यावर नको."

पाच वाजून सात मिनिटांनी नमन सुरू झालं. खेळाडूही बसले, क्यू मांडीवर घेऊन, आणि बुवांनी टाळी मागितली की क्यूने जमिनीवर ठेका धरू लागले. त्या दिवशीचं कीर्तन ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. बुवा सेवेवर बोलले. अण्णांचं नाव घेतलं नाही, दांडक्याचं घेतलं नाही, पण निरूपणात एका म्हाताऱ्या सेवकाची पाठ आली तेव्हा टेबलाला टेकलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मध्यंतरात रीतीप्रमाणे अण्णांनी बुवांना हार घातला. शाल नव्हती, शाली घंटांना होत्या. बुवांनी अण्णांच्या कपाळाला बुक्का लावला आणि प्रेम दाटून आल्यामुळे, आपली भातशेतीतली ताकद विसरून, त्यांना उराशी घट्ट कवटाळलं. दोन्ही पंजे बरोबर पाठीवर.

पाचपासून कोंडून ठेवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. "आई गं" असा टाहो छतापर्यंत गेला. पखवाजवाल्याचा हात चुकला.

मागच्या रांगेतून, सवयीने, एक पांढरा मोजा वर झाला.

"शांतता, कृपया."

कीर्तन संपल्यावर अण्णांना पाटीचा पडदा तसाच ठेवून घरी जायचं होतं. "राहू द्या, पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. पण बुवांनी दोरी ओढली. पिवळ्यावर लाल : पंचवीस वर्षे. पाच म्हणजे पाच. एकही मिनिट उशीर नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. अण्णा पाटीकडे बघत राहिले. एकतीस वर्षं भोंगा वाजवलेला माणूस. खोटी वेळ त्यांनी कधी कुणाच्या हजेरीच्या कार्डावर पडू दिली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे काहीतरी शोधलं. योगिनी जवळच उभी होती. तिने न विचारता खिशातून क्यूचा निळा खडू काढून त्यांच्या हातात दिला.

अण्णा चतुराबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन स्टुलावर चढले, हात वर करताना दोनदा थांबले, आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं : सात मिनिटं सोडून.

टेबलं दुसऱ्या दिवशी सुटली, आठ माणसं आणि एक ट्रक लागला. यंत्राला हिरामणांनी स्विच बसवला. ती निळी ओळ पक्क्या रंगाने लिहून द्यायला पेंटर दोनदा येऊन गेला. अण्णांनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवलं. आता सभागृह धुवायचा दिवस आला की चतुराबाई स्वतः त्या भिंतीपाशी उभ्या राहतात, आणि पाटीवर थेंब उडू देत नाहीत.